पाठटोल्याची पेटी

माह्या पोरीचा, रविताचा पोरगा तिलक पुण्याची नोकरी सोडून केशोरीले आला तेव्हा त्याच्या बॅगेत कपडे कमी अन् फासे जास्त होते. आपल्या सारीपाटाचे नाहीत. कोणाले बारा बाजू, कोणाले वीस, सगळे काचेच्या गोट्यांसारखे रंगीत. मी एक उचलून तोंडाजवळ नेला तं ओरडला, "आजी, गोळी नाही ते!"

"मंग कायले आणले? मले वाटलं आजीच्या दोन दाताईले काही काम आणलं."

त्यानं ओसरीत सगळं मांडून मले खेळ समजावला. एक जण गोष्ट चालवते. बाकीचे गोष्टीतली माणसं होतात, कोणी वैद्य, कोणी शिकारी, कोणी चोर. आपण काय करतो ते ज्याचं त्यानं सांगायचं, अन् जमलं का फसलं ते फासा सांगते. मी म्हटलं, "म्हणजे आपल्या गावच्या नाटकासारखी, पण बसून केलेली दंडार." त्याले हे इतकं आवडलं का मोबाइलमध्ये लिहून घेतलं.

तो म्हणे, मोठ्या शहरात असे खेळ जमवणारे शौकीन असतात. पेटी जितकी दुर्मीळ तितका त्याईचा जीव जास्त. काही तं उघडतही नाहीत, काचेच्या कपाटात ठेवून पाहत बसतात. तिलकले तशीच एक पेटी स्वतः काढायची होती. नकाशा, पुस्तक, पात्रांच्या चिठ्ठ्या, फासे. फक्त त्याच्याजवळ गोष्ट नव्हती.

गोष्ट म्हटली का सगळे माह्याकडं पाहतात. मी खोटं बोलते हे गावाले माहीत आहे, पण चांगलं बोलते हेही माहीत आहे.

मी त्याले एक टोला रचून दिला, म्हणजे दहा-पाच घराईची वस्ती. पाठटोला. तिथल्या सगळ्या घराईची पाठ रस्त्याकडं. आलेल्या माणसाले भिंतीच भिंती दिसतात, दार एकाले नाही. भिंतीमागं बाया बोलतात, उसन्या धानाचा, उकडत ठेवलेल्या धानाचा वास येते, विहीर आहे पण दोर नाही. माणूस दार शोधत फिरत राहते.

"हा टोला नकाशात कुठं दाखवू?" तिलकनं विचारलं.

मी इटियाडोह धरणाच्या पाण्यावर बोट ठेवलं. "इथं मांड. कोणी पाहायले जाणार नाही."

तो बहुत हसला. मीही हसली.

पेटीत ठेवायच्या चकतीसाठी गोष्टी त्यानं माह्या आवाजात भरून घेतल्या, अन् दिवसा. संध्याकाळ झाली का धानाच्या बांध्याईतले बेडूक असे ओरडत का माहा आवाजच ऐकू येत नव्हता. म्हणून दुपारी, जेवणं झाल्यावर, ओसरीत. ऐकणारा तिलक, मधामधातला त्याचा हूं हूंही चकतीत भरला गेला. माही सून शामकला तांदूळ निवडत होती. पहिल्याच दिवशी तिनं सूप खाली ठेवलं.

"माय, दिवसा गोष्ट नका सांगू वो. मामा वाट चुकते."

हे आमच्याकडं लहान पोरालेही माहीत आहे. गोष्ट दिवे लागल्यावर. दिवसा सांगितली तं ऐकणाराचा मामा वाटेत भटकते. तिलकचा मामा म्हणजे शामकलाचा नवरा, म्हणजे माहाच पोरगा ओमेश्वर. केशोरीवरून धान भरून गोंदियाच्या राइस मिलले न्यायचा त्याचा टेम्पो. घरातला एकटा कमावता, अन् तो जेवायले आला नाही तं माह्या घशाखाली घास उतरत नव्हता.

"मामी, मामाला डोळे बांधून सोडलं तरी तो गोंदियाला पोचेल," तिलक म्हणाला.

"लहानपणापासून एकच रस्ता चालून राहिला तो," मी म्हटलं. "चुकून जाईन कुठं?"

शामकला सूप उचलून आत गेली.

त्या दिवशी ओमेश्वर मागच्या दारानं आला. मागं गोबराचा खड्डा आहे, तिकडून आमच्यात कोणी येत नाही. पाय धुता धुता मले म्हणाला, "माय, समोरून दारच दिसलं नाही. भिंतच दिसली. म्हटलं उन्हानं झालं असन."

"पाणी पी," मी म्हटलं, अन् तिलकले डोळा मारला. मले वाटलं त्यानं आडून ऐकलं अन् आता माहीच मस्करी करून राहिला. पोरगा आईवर गेला म्हणून मले उलट बरं वाटलं.

पेट्या गोंदियाले छापल्या. मुन्नालाल म्हणून एक छापखानेवाला, सगळा धंदा लग्नपत्रिकांचा. कागद बोटानं चोळत मले म्हणे, "माताजी, शादी का कार्ड दस रुपये में छापता हूँ. ये पाँच हजार में कौन लेगा?"

"शादी मोडते, मुन्नालालजी. हे मोडत नाही."

पाच हजार मीच ठरवले होते. तिलक तं पंधराशे म्हणत होता. म्हणे खर्च निघून थोडं सुटलं तं झालं. मी म्हटलं, "बाबू, सस्त्या वस्तूले लोक चिवडतात. आठवडी बाजारात माह्याजवळ लाल भाजीची शेवटची जुडी उरली का मी भाव वाढवत होती, अन् तीच आधी जात होती. तू हजार पेट्या काढशील तं रद्दी. चाळीस काढ, अन् सांग का एकेचाळिसावी कधीच निघणार नाही."

तसंच केलं. मुन्नालालनं छापायच्या प्लेटा आमच्यासमोर घासून कोऱ्या केल्या, तिलकनं त्याची फिल्म काढून शौकीन लोकाईले पाठवली. मोबाइलमध्ये माहा आवाज भरलेला होता तोही पुसून टाकला, पेटीतल्या चकतीवर आहे तेवढाच राहिला. प्रत्येक झाकणावर मी सही केली. शांतीबाई. रात्रशाळेत शिकलेली सही, कधी इतक्या कामाची पडन असं वाटलं नव्हतं. अन् पुस्तकाच्या पहिल्या पानावर मी सांगून छापून घेतलं का हे सगळं खरं आहे, आजीनं डोळ्यानं पाहिलेलं.

पेट्या दोन दिवस टिकल्या नाहीत. बंगलोर, कलकत्ता, नागपूर. मी गावभर सांगत फिरली.

मंग एका रविवारी तिलकच्या मोबाइलवर फोटो आला. बंगलोरची चार पोरं टेबलाभोवती बसलेली, मधात आमचा नकाशा, खिडकीतून भरदुपारचं ऊन टेबलावर पडलेलं. त्याच दिवशी ओमेश्वर जेवायले आला नाही. आला तो दिवेलागणीले. टेम्पो रिकामाच होता, अन् त्याच्या अंगाले उसन्या धानाचा वास येत होता.

"कुठं होता रे?"

"माहीत नाही माय. फाट्यावरून वळलो, नेहमीचाच फाटा. एक टोला लागला. सगळ्या घराईची पाठच दिसे. दार एकाले नाही. भिंतीमागं बाया बोलत होत्या." तो खाटेवर टेकला. "तहान लागली म्हणून विहिरीवर गेलो. दोर नव्हता. पण बादली ओली होती."

मी तिलककडं पाहिलं. तिलकनं मान हलवली. त्यानं मामाले काही सांगितलं नव्हतं.

अन् बादली मी सांगितली नव्हती. माह्या गोष्टीत बादली नाही.

आता जे सांगते ते सांगताना मान वर होत नाही. मले भीती वाटायले पाहिजे होती. मले गुदगुल्या झाल्या. माही गोष्ट इतकी जोरदार निघाली का ती चालून माह्या पोराले भेटली! मी तिलकले म्हटलं, लोकाईले सांग. तिलकनं फोन लावला, फोनच्या पडद्यावर पेट्यावाल्याईचे चेहरे, अन् मी पदर सावरून बसली. मामा कसा भटकला ते हात हलवून हलवून सांगितलं. बादलीच्या जागी मी दोन बादल्या केल्या. पोरं टाळ्या वाजवत होती.

"मामाजी को दिखाइए ना!" कोणी तरी म्हटलं.

मी ओमेश्वरचा दंड धरून त्याले पडद्यासमोर ओढलं. तो खाली पाहत उभा राहिला, बैलबाजारात उभा केल्यासारखा.

"माय," तो हळूच म्हणाला, "मले नको दाखवू वो."

मी दाखवला.

त्या आठवड्यात एकानं आपली पेटी पंधरा हजाराले दुसऱ्याले विकली. तिलकनं मले वाचून दाखवलं. मी शेजारच्या रुख्माले बोलावून तिलककडून परत वाचून घेतलं.

त्यानंतर ओमेश्वर दर रविवारी चुकायले लागला. मंग नुसता रविवारच राहिला नाही. सुट्टीचा दिवस आला, का कुठं तरी कोणी तरी दुपारी झाकण उघडे, अन् इकडं माहा पोरगा फाट्यावरून वळे. तिलकनं त्याच्या मोबाइलमध्ये असं काही बसवलं का मामा कुठं आहे ते आपल्याले नकाशावर ठिपक्यासारखं दिसे. एका दुपारी आम्ही दोघं त्या ठिपक्याकडं पाहत बसलो. ठिपका रस्त्यानं चालला, वळला, अन् इटियाडोहच्या पाण्यात जाऊन उभा राहिला. मधोमध. मी जिथं बोट ठेवलं होतं तिथं.

संध्याकाळी टेम्पो आला. चाकं कोरडी होती.

"आज कोणी भेटलं का?" तिलकनं विचारलं.

"भिंतीमागच्या बाया गप्प झाल्या होत्या," ओमेश्वर म्हणाला. "मी आलो ते समजलं वाटते त्याईले."

टेम्पो चालवणं बंद केलं. चावी मी माह्या कमरेच्या पिशवीत ठेवली. मंग तो घरातच चुकायले लागला. हातपंपावरून घागर भरून निघाला, अन् अंगणातच गोल गोल फिरत राहिला, भिंतीले हात लावत लावत, दार समोर असून. शामकलानं त्याच्या हातातली घागर घेतली, त्याले आत नेलं, अन् बाहेर येऊन माह्यासमोर उभी राहिली. इतक्या वर्षांत तिनं माह्याशी आवाज चढवला नव्हता. तेव्हाही चढवला नाही.

"गोष्ट पाच हजाराले विकली, माय. माहा नवरा कितीले विकला?"

मी तिलकले हाक मारली, म्हटलं फोन लाव.

तिलकनं एक एक पेटीवाल्याले फोन लावले, अन् मी बोलली. हात जोडून बोलली. दिवसा खेळू नका बाबू, दिवे लागल्यावर खेळा, माहा पोरगा भटकते. ते हसत. "क्या बात है आजी, एकदम असली!" एक पोरगी म्हणाली का असा प्रचार तिनं कधी पाहिला नाही. मी म्हटलं, प्रचार नाही वो बाई, खरं आहे. ती म्हणाली, "हो ना, पहिल्या पानावर लिहिलंच आहे."

पेट्या परत मागितल्या, दुप्पट देतो म्हटलं. कोणी द्यायले तयार नाही. परत मागतात म्हणजे काही तरी आहे, असं पसरलं, अन् भाव पंचवीस हजारावर गेला. एकेचाळिसावी निघणार नाही असं मीच सांगितलं होतं, त्यामुळं जे हातात आहे ते कोणी सोडत नव्हतं.

एकट्या नागपूरच्या भूपेंद्रजीनं मले धीर दिला. त्याच्याजवळ तीन पेट्या होत्या, तिन्ही बंद, काचेच्या कपाटात. "माताजी, मैं खेलता नहीं. मैं सिर्फ रखता हूँ." मी त्याले तोंड भरून आशीर्वाद दिला. वाटलं, असेच सगळे राहिले असते तं. बंद पेटीत माहा टोला बंदच राहते.

तो म्हणे, "लेकिन बात क्या है, मुझे तो बताइए."

मी त्याले सगळं सांगितलं. चांगला माणूस, एकटा ऐकून घेऊन राहिला, म्हणून सगळंच. घरातलं फिरणं, पाण्यातला ठिपका, गप्प झालेल्या बाया. जसं झालं तसंच, एक शब्द वाढवून नाही. माह्या आयुष्यात मी पहिल्यांदा न वाढवता गोष्ट सांगितली, अन् ती माही सगळ्यात चांगली गोष्ट झाली असन. कारण तिकडं फोनवर कपाटाची काच सरकल्याचा आवाज आला.

"माताजी," तो म्हणाला, "अब तो खोलना पड़ेगा."

"नको बाप्पा! मी पाया पडते."

"एक नहीं, तीनों. तीन टेबल लगाऊँगा, सब दोस्तों को बुलाऊँगा. रविवार को, दोपहर में. जैसा आपने कहा, ठीक वैसा."

तिलकनं माह्या हातातून फोन घेतला, पण तो कटला होता. परत लावला तं लागला नाही.

रविवार आला. चैत लागला होता, बांध्या सुकून फुटलेल्या, अंगणात धूळ. आम्ही समोरचं दार लावलं, मागचं लावलं. ओमेश्वरले ओसरीतल्या खाटेवर बसवलं. त्याचा हात मी माह्या दोन्ही हातात धरला. शामकला उंबरठ्यावर बसली, दाराले पाठ लावून. म्हटलं, आता कसा जाते पाहू. घरातला माणूस, आईनं धरलेला, कुठं वाट चुकते?

"माय, लहान पोरासारखं कायले धरलं?" तो म्हणाला, अन् थोडा हसलाही.

"राहू दे. माहे हात गार पडून राहिले."

"उन्हाळ्यात?"

"बुढी झाली मी आता."

तिलक मोबाइल घेऊन खांबाजवळ उभा होता. मोबाइल वाजला. त्यानं पाहिलं अन् मले दाखवला. तीन टेबलं. तीन झाकणं बाजूले ठेवलेली, तिन्हीवर माही सही. नकाशावर ऊन.

मी ओमेश्वरकडं पाहिलं. तो बसला होता. हात गरम होता, नाडी लागत होती.

"ओमेश्वर."

"हो माय."

मंग त्याची नजर समोरच्या भिंतीवर गेली.

कोणाच्या घराच्या पाठीमागं उभा राहून माणूस भिंतीकडं पाहते, तसा तो पाहून राहिला.

"ओमेश्वर."

उसन्या धानाचा वास आला. शामकलानं माह्याकडं पाहिलं. चूल सकाळपासून पेटली नव्हती.

तिलक खाली पाहून राहिला होता, मामाच्या पायाकडं. मीही पाहिलं. तळवे ओले होते. काळा चिखल, त्यात हिरवं शेवाळ, थेंब थेंब खाली पडून राहिला. खाटेखालची धूळ कोरडीच होती.

मी हात आवळला. हात माह्याजवळच होता.

त्याचा चेहरा बदलला. खूप वेळ शोधून दार सापडते, तेव्हा होते तसा. त्यानं एक पाय खाटेच्या लाकडी गातावर पुसला, मंग दुसरा. कोणाच्या घरात जाताना पुसतो तसे. डोकं थोडं वाकवलं, चौकट ठेंगणी असल्यासारखं.

अन् नीट मांडी घालून बसला.

शामकला रडून राहिली होती. मी त्याले हलवायले पाहिजे होतं. ओरडायले पाहिजे होतं, पाणी मारायले पाहिजे होतं. तिलकनं तेच केलं, मामा मामा करत खांदे हलवले.

मी काय केलं ते शामकलानं पाहिलं, म्हणून सांगते.

मी माहा कान त्याच्या तोंडाजवळ नेला. तिकडं कोण काय सांगून राहिलं, थोडं तरी ऐकू येते का, म्हणून.

आवाज काही आला नाही. त्याचा श्वास तेवढा. तो कान देऊन बसला होता, भिंतीकडं तोंड करून, तोंड थोडं उघडं ठेवून.

"हूं," तो म्हणाला.

तो अजून थोडा भिंतीकडं सरकला.

"हूं. मंग?"